ह्यांची साठी, केनियात

आमच्याकडे वाढदिवस करायची पद्धत नव्हती. ह्यांची जन्मतारीखसुद्धा शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लावलेली. पण मुलीने हट्ट धरला, पप्पांची साठी केनियातच करायची. जावई नैरोबीत एका कारखान्यात नोकरीला आहेत, लग्नानंतर तीही तिकडेच असते.

"जंगलात तंबूत राहायचं, सकाळी जीपमधून फिरायचं, आणि वाढदिवसाला पप्पांना बिबट्या दाखवायचा," ती फोनवर म्हणाली. "पप्पा किती खूश होतील गं."

हे शेजारीच बसले होते. "येतो की," म्हणाले. मग उठून गोठ्याकडे गेले आणि मला हाक मारली, "बादली धरायला ये गं जरा." धार काढायची वेळ नव्हती. मी गेले, रिकामी बादली धरून उभी राहिले.

मुलीला तसं वाटण्याचं कारण होतं. आमची वस्ती कोल्हारजवळ, चारी बाजूंनी ऊस. बिबट्या आमच्याकडे उसातच वितो, उसातच वाढतो. काही वर्षांपूर्वी दिवस मावळताना हे मोटारसायकलवरून घरी येत होते, तेव्हा उसातून त्याने झेप घेतली आणि पोटरी धरली. हे गाडीसकट पाटाच्या चारीत पडले. मागून ट्रॅक्टर आला, त्याच्या आवाजाने तो पळाला. पोटरीला टाके पडले, इंजेक्शनं झाली, चालण्यात किंचित लंगडेपणा राहिला.

दवाखान्यातून आल्यावर ह्यांनी त्याची गोष्ट केली. बिबट्याने पाय सोडला आणि चप्पल नेली. ती घालून तो शिर्डीला दर्शनाला गेला, देवळाबाहेर चप्पल काढली आणि तिथं ती चोरीला गेली. तेव्हापासून तो अनवाणी हिंडतोय. लग्नात, दहाव्याला, जिथे चार माणसं जमतील तिथे लोक म्हणायचे, "चप्पलचोर सांगा की." हे सांगायचे. मुलगी फोनवर पोट धरून हसायची.

घरातली गोष्ट वेगळी होती. उन्हाळ्यातही ह्यांच्या गळ्यात मफलर असायचा. बिबट्या मान धरतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. ऊस हलला की बोलता बोलता थांबायचे. गोठ्यात एकटे जात नसत. पण भीती वाटते हे एकदाही तोंडातून निघालं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. एवढा दांडगा माणूस, त्याला काय विचारायचं, असं वाटायचं.

निघायच्या आधी मी म्हणाले, "मी सांगते तिला, तब्येतीचं कारण देते."

"कशाला? लेकीनं एवढ्या हौसेनं ठरवलंय," हे म्हणाले. "जीपमधी बसूनच बघायचं असतंय. सारं जग बघतं."

पहिला दिवस बरा गेला. नजर पोचेल तिथवर गवताचा माळ, त्यावर झेब्रे आपल्याकडच्या मेंढ्यांसारखे पसरलेले. हत्तीचं पिल्लू आईच्या पायांत घुटमळताना बघून हे लहान मुलासारखे हसले. लांबवर सिंह पहुडलेले दिसले, त्यांचंही काही वाटलं नाही. "सपाट हाय सगळं," मला हळूच म्हणाले, "काय येतंय ते लांबूनच दिसतं." मला वाटलं, निभावलं.

वाढदिवसाच्या सकाळी ड्रायव्हरच्या वायरलेसवर काहीतरी निरोप आला. तो हसत मागे वळला आणि म्हणाला, "चुई." त्यांच्या भाषेत बिबट्या. मुलीने टाळी वाजवली.

ओढ्याकाठी एक मोठं झाड होतं. त्याच्या आडव्या फांदीवर तो पसरला होता. शेजारच्या बेचक्यात अर्धं खाल्लेलं हरण अडकवलेलं, त्याचा एक पाय खाली लोंबत होता. आमची जीप अगदी झाडाजवळ उभी राहिली. वरचं छत उघडं.

मुलीने मोबाईल ह्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. "पप्पा, हा बघा तुमचा चप्पलचोर. आता त्याच्यासमोरच सांगा गोष्ट. मी शूट करते."

ह्यांनी वर पाहिलं. बिबट्याने डोकं उचललं आणि तोही आमच्याकडे पाहू लागला.

"मी कोल्हारहून येत हुतो," ह्यांनी सुरुवात केली. सवयीचीच वाक्यं. मुलगी ड्रायव्हरला इंग्रजीत सांगत होती, जावई हसत होते. पोटरी धरली इथपर्यंत गोष्ट आली आणि पुढे गेलीच नाही.

"मी हात जोडले त्याला," हे म्हणाले. "वरडलो न्हाई. वरडताच येईना. सोड म्हनलं, सोड रं बाबा. त्याच्या तोंडाचा वास येत हुता. गाडीचं चाक नुसतंच फिरत हुतं. मी त्याच्या पाया पडत हुतो."

मुलगी अजून हसत होती. तिला वाटलं, गोष्टीचा नवा भाग आहे. मग तिचा हात हळूहळू खाली आला.

"वळव गाडी," हे ड्रायव्हरला म्हणाले. त्याला मराठी कुठून कळणार. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे कितीतरी दिवस तिथे काळंनिळं होतं. मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून "बॅक, बॅक" म्हणाले. त्याने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घेतली.

तेवढ्यात माझं लक्ष ह्यांच्या पँटकडे गेलं. ती ओली झाली होती. मी अंगावरची शाल काढून त्यांच्या मांडीवर टाकली. "वारा लागतोय," म्हणाले. मुलीने ते पाहिलं.

तंबूत आल्यावर हे अंघोळ करून पडून राहिले. मुलगी मला बाहेर घेऊन गेली. "आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? ते सांगताना हसायचे. तू ऐकताना हसायचीस."

"तू तर हसत नव्हतीस ना."

मी ओली पँट धुवायला आत गेले.

केक आधीच सांगून ठेवलेला. संध्याकाळी जेवणाच्या वेळी तिथली माणसं गाणी म्हणत, टाळ्या वाजवत तो घेऊन आली. नको म्हणायचं कुणाला सुचलं नाही. हे उठले, केक कापला, सगळ्यांना नमस्कार केला. मुलीने घास भरवला आणि ती तिथेच रडायला लागली. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझं काय चुकलं त्यात?" ते म्हणाले. "मीच तुला येडं बनवत हुतो."

"पप्पा, खूप भीती वाटते का हो अजून?"

ह्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. "रोज," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जीप गेली नाही. हे तंबूसमोर खुर्ची टाकून बसले. मुलगी त्यांच्या पायाशी बसून जुनी जखम बघत होती. हे दवाखान्यात असताना तिला येता आलं नव्हतं, त्यामुळे टाक्यांच्या खुणा ती पहिल्यांदाच नीट बघत होती.

परत आल्यावर कोल्हारला किराणा दुकानात ओळखीच्यांनी ह्यांना घेरलं. "काय, आफ्रिकेत दिसला का बिबट्या?"

"दिसला," हे म्हणाले. "लई भ्यालो."

सगळे हसले. पुढचं ऐकायला थांबले. ह्यांनी साखर घेतली आणि गाडीवर माझ्या मागे येऊन बसले; हल्ली गाडी मीच चालवते. चप्पलचोराची गोष्ट त्यांनी त्यानंतर कुणाला सांगितलेली नाही. लोक आधी आग्रह करायचे, आता करत नाहीत. साठी झाली नि माणूस बदलला, असं म्हणतात.

वरचं रान पुतण्याला कसायला दिलं. गुरं घराला लागून बांधतो. आता हे मला स्पष्ट सांगतात, "मला भ्या वाटतंय, चल संगं." मी जाते. झालं ते बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. हसणारा माणूस घरातून गेला, एवढं खरं. मुलगी दिवस मावळला की फोन करते आणि आधी एकच विचारते, "पप्पा घरात आहेत ना?"

गेल्या आठवड्यापासून शेजारच्या उसाला तोड लागली आहे. फड जसा मोकळा होतो, तसा बिबट्या उरलेल्या उसात सरकतो, आणि उरलेला ऊस आमचाच आहे. हे ओट्यावर बसून तोडणी बघत असतात. मी भाजी निवडायला त्यांच्याजवळ जाऊन बसते.