नवा वायसर खिशात, तेल रस्त्यावर

मोटारवाल्या मंडळींनो, आत्ताच शिरपूरहून आलोय. राग निवायच्या आत हे लिहून स्टँडच्या फळ्यावर लावतोय.

सकाळी धुळ्यात आमच्या मोटारीच्या इंजिनाचं तेल बदललं. तेल सोडायच्या बुचाखाली घालायची तांब्याची चकती, म्हणजे नवा वायसर, मी स्वतः नानांच्या हातात दिला. नाना आमचे ड्रायव्हर, वयाने वडील, म्हणून मी वाकून तपासलं नाही.

सोनगीरच्या अलीकडे तेलाचा काटा पडायला लागला. उतरून पाहतो तो मागे रस्त्यावर तेलाची रेघ. उरलेलं तेल डब्यात धरून बूच काढलं. खाली जुनाच चपटा वायसर, त्यावर सुताचा दोरा गुंडाळलेला. नवा कुठे आहे विचारलं, तर नानांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली.

"नवा शे भाऊ, म्हनीसन मी जपी ठेवा. लढाई चालू शे, दुसरा कोठे भेटी?"

"आणि इंजिन जळलं तर ते कुठे भेटेल, नाना?"

"इंजिन तर लोखंडनं शे. त्याले काय व्हई?"

दोरा विहिरीच्या पंपाला चालतो, तापलेल्या तेलापुढे टिकत नाही. जुनाच वायसर घालायचा तर लाल तापवून पाण्यात बुडवा, तांबं मऊ पडतं. हे मला कुणी शिकवलं नाही, हात भाजून शिकलो.

नवा बसवला, तेल भरलं, इंजिन वाचलं. तोवर नानांनी जुना वायसर पुसून त्याच पुडीत बांधला. तुमच्याकडेही असे नाना असतील. तुम्ही त्यांना कसं समजावता?