मनोहरचा उजवा हात

मनोहरची तेरवी व्हायच्या आत त्याची ‘शेवटची रेकॉर्ड’ बाजारात आली. माझ्या पुतण्यानं नागपूरहून फोनवर ती ऐकवली आणि म्हणाला, "काका, अर्धांगवायू झाल्यावरही काय हात चालत होता त्यांचा." मी फोन ठेवून दिला. तो हात मनोहरचा नव्हता. तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगतो आहे. लोक मान हलवतात आणि पुन्हा त्याच हाताचं कौतुक करतात... म्हणून हे लिहायला बसलो.

मनोहर देवळीच्या कापड दुकानदाराचा मुलगा, शाळेत माझ्याच बाकावर बसणारा. नागपूरला मामाकडे शिकायला गेला आणि शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या पियानोला जो चिकटला तो कायमचा. मुंबईतल्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागला तेव्हा त्याचे वडील गिऱ्हाइकांना एवढंच सांगायचे, "पोरगं बाजा वाजवते." पुढे रेकॉर्डी निघाल्या, परदेशातले वादक त्याच्यासोबत वाजवायला येऊ लागले. सगळे भाळले ते त्याच्या उजव्या हातावर. तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसे त्या हातातून सूर उडायचे. उतारवयात तो पियानो ट्रकमध्ये घालून वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहायला आला, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

इथेच त्याला झटका आला आणि नेमका उजवा हात गेला. पुष्कळ महिन्यांनी दोन बोटं हलू लागली, तीही आखडलेली. त्यानंतर त्यानं जे केलं ते मी जवळून पाहिलं. तो डाव्या हातानं वाजवायचा, उजव्याची दोन बोटं मधूनच एखाद्या सुरावर टेकवायचा आणि बाकीच्या जागा मोकळ्या सोडायचा. मी विचारलं तर म्हणाला, "जे बोट उठत नाई, त्याची जागा रिकामी ठेवतो. आता हेच माहं वाजवणं."

त्याचं हेच वाजवणं ध्वनिमुद्रित करायला मुंबईची कंपनी घरी आली. पुढच्या खोलीत मायक्रोफोन लागले. मी आणि त्याची बायको, शालिनीवहिनी, दाराशी श्वास रोखून बसलो. इतकं उघडं संगीत मी आयुष्यात ऐकलं नाही. दोन सुरांमधल्या शांततेत तो पुढचा सूर शोधताना ऐकू येत होता... वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या आणि तो मात्र हसत होता.

काही महिन्यांनी रेकॉर्डचा नमुना आला. आम्ही तिघं ऐकायला बसलो आणि थोड्याच वेळात मनोहरनं मान वर केली. "हा कोन वाजवून राह्यला?" सगळ्या मोकळ्या जागा भरल्या होत्या. त्याच्याच जुन्या रेकॉर्डींवरून संगणकाकडून उजवा हात तयार करून घेतला होता. त्यानं तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "सर, लोकांना तुमचं पूर्वीचंच वाजवणं हवंय."

"मंग पूर्वीच्या रेकॉर्डी विका," मनोहर म्हणाला. "मले काऊन खोटं पाडता?"

ही रेकॉर्ड काढणार नाही, असा शब्द त्या माणसानं दिला. मनोहरनं मूळ मुद्रण मागितलं; ते "पाठवतो" म्हणाले. मनोहरनं जाईपर्यंत त्याची वाट पाहिली.

वर्ध्याच्या शोकसभेत आयोजकांनी हीच रेकॉर्ड लावली. एक वक्ते दुर्दम्य इच्छाशक्तीवर बोलायला उभे राहिले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या. "बंद करा ते. हे त्यायचं वाजवणं नाई." कुणीतरी आवाज थोडा कमी केला. बंद केलं नाही. दुःखामुळे बाई भान विसरल्या, असं कुजबुजणारे चांगले शिकलेसवरलेले होते. वहिनींनी मला खूण केली आणि आम्ही दोघं निघून आलो. कंपनी म्हणते, करारावर मनोहरची सही आहे. सही असेल. पण त्या माणसानं अपंग हातानं जे नवं घडवलं होतं, ते मारून टाकायचा अधिकार कुठल्या सहीनं मिळतो?

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. पियानोचं झाकण उघडं होतं. डावीकडच्या आणि मधल्या पट्ट्या लखलखीत पुसलेल्या, उजव्या टोकाच्या पट्ट्यांवर मात्र धुळीचा जाड थर. मी रुमाल काढून पुसायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी. आजारपणात त्यायचा हात तिथं पोचतच नव्हता. येनाऱ्याले दिसू द्या."

मी रुमाल खिशात ठेवला.