‘हलका’ लॅपटॉप

“हलका माल आपण ठेवत नाय, ताई.”

दाऊदभाईंनी हातातला चहा काउंटरवर ठेवला. रियाधच्या अल मलाझ भागात त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मूळचे दापोलीकडचे, म्हणून मी हौसेने मराठीत म्हटलं होतं, “एकदम हलका लॅपटॉप दाखवा.” चुकलंच माझं.

“अहो भाई, वजनाला हलका! कंबर गेलीय माझी.”

“मग तसा सांगा ना!” ते खो खो हसले.

मला कुठलं हसू? मी प्रोग्रामर. प्लांटवर जाऊन पंपांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवून देते. तीन किलोचा लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर वाहून मणक्याने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. बॉस म्हणाला, “मॅडम, लॅपटॉप दूसरा ले लो. पर संडे को रास अल खैर नहीं जमेगा तो बता दो, साइट किसी और को दे देंगे.” बारा वर्षं धडपडून मिळवलेलं काम ते! द्यायला काय हळदीकुंकवाचं वाण आहे?

दुकानातला सर्वांत पातळ लॅपटॉप मी उचलला. अगदी पापड. “हाच द्या.”

“थांबा. लिनक्स टाकणार ना?”

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम. आमचं सगळं काम तिच्यावर. भाईंनी ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला. त्यावरून लिनक्स न टाकताच चालवून बघता येतं, मुलगी देण्याआधी घर बघून यावं तसं. बघितलं, तर वाय-फाय गायब! लिनक्सला त्यातलं कार्डच ओळखता येईना.

“आणि लॅनची केबल कुठे लावणार? पोर्टच नाय याला.”

“आजकाल केबल कोण लावतं, भाई?”

“लावतात.”

त्यांनी सव्वा किलोचा एक काळा, साधासुधा लॅपटॉप पुढे सरकवला. वाय-फाय लगेच लागलं, केबलचा पोर्टही होता. दिसायला शाळेची पाटी. मी तोंड वाकडं करूनच घेतला.

रविवारी रास अल खैरच्या प्लांटवर गेले. कंट्रोल रूममध्ये वाय-फाय बंद, आणि यूएसबीला बाहेरचं काहीही जोडायला मनाई. तिथल्या इंजिनियरने निळी केबल हातात दिली. “यल्ला, मॅडम.” म्हणजे, चला, लागा कामाला. केबल पोर्टमध्ये टक्कन बसली. तो पापड आणला असता तर?

दुपारपर्यंत सगळे पंप स्क्रीनवर दिसायला लागले. “खलास?” इंजिनियरने विचारलं. “खलास!” फोनवर बॉस एवढंच म्हणाला, “जिझान की साइट पे भी आप ही जाओ.”

परतल्यावर डबाभर नारळाच्या वड्या घेऊन मी थेट अल मलाझ गाठलं.

“भाई, तुमच्यामुळे माझी साइट वाचली. उपकार विसरणार नाही.”

“आमचा काय? पेनड्राइव्ह लावला नुसता.”

“हलका माल तुम्ही गळ्यात मारत नाही, हे खरं. मीच घ्यायला निघाले होते.”

लॅपटॉप कंबरेला विचारून जरूर घ्यावा, पण शेवटचा शब्द पेनड्राइव्हचा. आणि दुकानदार दापोलीचा असेल, तर वाक्य पूर्ण बोलावं.