मसाल्याच्या खोलीची खिडकी

त्या दिवशी सकाळी आमच्याकडे नेहमीचाच गोंधळ होता. दूध उतू गेलं होतं, धाकटीनं आपली एक बांगडी न्हाणीघराच्या मोरीत घातली होती आणि आमचे हे म्हैसुरी पेट्याचं टोक हातात धरून आरशासमोर गोल फिरत होते. सकाळच्या कचेरीची वेळ होत आली की यांचा पेटा हटकून सुटतो. तेवढ्यात दारावर थाप पडली.

दार उघडलं तर समोर शेजारचे खंडोजीराव. मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वाजले होते. सकाळी सातला खंडोजीराव साळुंके कुणाच्या दारात उभे आहेत असं आमच्या अग्रहाराच्या आळीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळी ते चामुंडी टेकडीच्या पायऱ्या उतरत असत, आणि त्यांना परतताना पाहून गल्लीतल्या बायका मुलांना शाळेसाठी उठवत.

"या मामा, आत या," मी म्हटलं. चुलीशी कॉफीचा वास दरवळत होता. एरवी या वासावरून त्यांनी मला उंबऱ्यातच चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मात्र कोटाच्या खिशातून एक पाकीट काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"गोदावरीबाई, हे जरा वाचता का? बंगळूरच्या डॉक्टरांचं आहे, इंग्रजीत. कारकुनाला दाखवलं असतं, पण मग दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं असतं."

मी कॉलेजात दोन वर्षं काढली होती. गल्लीतली इंग्रजी पत्रं माझ्याकडेच येत. बहुतेक नोकरीची, कधी जमिनीची. असलं पत्र पहिल्यांदाच आलं होतं. आठ दिवसांपूर्वी ते अंबुमामींना, म्हणजे आपल्या बायकोला, बंगळूरला दाखवून आले होते. त्याचं हे उत्तर.

मी मनात एकदा वाचलं, मग मराठीत सांगितलं. दोन्ही फुफ्फुसांत बारीक पूड बसून ती कडक झाली आहेत. दगड फोडणाऱ्यांत आणि पीठगिरणीतल्या लोकांत असं दिसतं. बाई बंद जागेत वर्षानुवर्षं असं काही काम करत होत्या का, ते कळवावं. औषध सुचवण्यासारखं राहिलेलं नाही. मोकळ्या हवेत ठेवावं आणि त्रास कमी होईल तेवढं पाहावं.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"मोकळ्या हवेत ठेवा म्हणतात ना?"

"हो मामा. पण त्यानं बरं वाटेल असं नाही लिहिलेलं."

"मोकळ्या हवेत ठेवा म्हणतात," ते यांच्याकडे वळून म्हणाले. "बघा. मी गेली पंधरा वर्षं दुसरं काय सांगतोय?"

पत्र घडी करून ते निघून गेले. हे पेटा हातातच धरून उभे होते. "आता ऊदबत्तीचा मसाला कोण करणार?" हे म्हणाले. म्हणताच त्यांची त्यांना लाज वाटली असावी, कारण पुढचा सगळा वेळ ते मोरीतली बांगडी शोधत बसले.

खंडोजीरावांचा ऊदबत्तीचा कारखाना आमच्या मागच्या गल्लीत होता. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात शिलेदार. वडिलांनी घोडा विकून चंदनाच्या भुकटीचा धंदा सुरू केला, आणि खंडोजीरावांनी त्यातली ऊदबत्ती मद्रासपासून मुंबईपर्यंत पोचवली. पण म्हैसुरात त्यांना लोक ओळखत ते त्यांच्या दिनक्रमासाठी. पहाटे चारला उठणं. विहिरीच्या गार पाण्याच्या वीस घागरी. चामुंडी चढून उतरणं. नाचणीची आंबील, तीही चावून प्यायची. कॉफीला ते विष म्हणत. रात्री नऊला अंथरुणावर, आणि घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, मग मार्गशीर्षातली थंडी असो नाहीतर चोरांची भीती.

हे वेड प्लेगच्या वर्षातलं. त्या वर्षी आठ दिवसांत त्यांचे वडील आणि दोघे भाऊ गेले. सरकारनं गल्ली रिकामी करवली तेव्हा खंडोजीराव उरलेल्या माणसांना घेऊन बोगादीच्या माळावर गेले आणि चटयांच्या झोपडीत चार महिने राहिले. तिथं एकालाही गाठ आली नाही. "मला औषधानं वाचवलं नाही, देवानंही नाही. माळावरच्या वाऱ्यानं वाचवलं," असं ते सांगत. परत आल्यावर त्यांनी कारखान्याची जुनी अंधारी ओसरी पाडून बत्त्या वळणाऱ्या बायकांसाठी चारी बाजूंनी मोकळा मंडप बांधला. दर रविवारी त्या मंडपात ते तासभर बोलत. कसं उठावं, कसं बसावं, श्वास किती खोल घ्यावा. बायका तोंडाला पदर लावून हसत, पण ऐकत. नागरत्ना नावाची एक बत्तीवाली माझ्याजवळ म्हणाली होती, "नवऱ्यानं कधी विचारलं नाही मला झोप लागली का म्हणून. मालक विचारतात." खरंच विचारत. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल.

घरात एक खोली मात्र बंद होती.

ऊदबत्तीचा जीव तिच्या मसाल्यात. कोळशाची पूड, चंदनाची भुकटी, आणखी दहा-बारा जिन्नस. कशात काय किती, ते साळुंक्यांच्या घरात फक्त थोरल्या सुनेला ठाऊक. मुलीला सांगायचं नाही, ती परक्या घरी जाते. गड्याला तर नाहीच. सासूनं सुनेला दार लावून शिकवायचं आणि सुनेनं दार लावूनच कालवायचं. भुकटी वाऱ्यानं उडते हे एक कारण. दुसरं असं की धंद्यातला जाणता माणूस खिडकीखाली उभा राहून नुसत्या वासावरून जिन्नस ओळखतो. एकदा खरोखरच एक जण उभा राहिला होता म्हणे. तेव्हापासून त्या खोलीला खिडकी ठेवलीच नव्हती, आणि दाराच्या फटीत फडकी कोंबलेली असत.

अंबुमामी सोळाव्या वर्षी त्या खोलीत गेल्या. रोज दुपारी चार तास, सव्वीस वर्षं. बोगादीच्या माळावरसुद्धा त्यांच्यासाठी मसाला कालवायला वेगळी झोपडी होती, दुहेरी चटयांची, चारी बाजूंनी शिवलेली. त्यांना एकच मुलगी, ती तुमकूरला दिलेली. सून यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांना सुट्टीही नव्हती.

त्यांचा खोकला आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. इतका रोजचा की आम्ही त्यावरून वेळ ओळखायचो. मामी खोकल्या म्हणजे चार वाजले, कॉफी ठेवायला हवी.

पत्र आलं त्याच दिवशी मी त्यांना भेटायला गेले. उशा पाठीशी घेऊन बसल्या होत्या, नखांच्या कडा काळ्या.

"काय लिहिलंय ग त्या बंगळूरवाल्यानं?" त्यांनी विचारलं. "हे सांगत नाहीत. सकाळपासून सुम्ने, उगाचच, येरझारा घालतायत."

"मोकळ्या हवेत ठेवा म्हणतात."

"अय्यो! त्यासाठी बंगळूरला जायला हवं होतं? इथं रोज फुकट ऐकते." त्या हसल्या, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबायला बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "यांचं हवेवर फार प्रेम बघ गोदे. माझ्यावर पण आहे, नाही असं नाही. पण हवा पहिली."

"मामी, तुम्ही कधी बोलला नाहीत त्यांना? त्या खोलीबद्दल?"

"काय बोलायचं? सासूबाई त्याच खोलीत खोकत होत्या. मला वाटलं, मसाला येतो तसा खोकला पण येतो."

दुसऱ्या दिवसापासून खंडोजीरावांनी त्यांना पहाटे उठवायला सुरुवात केली. शाल गुंडाळून अंगणात आणायचं, पूर्वेकडे तोंड करून बसवायचं, "आता खोल घे, आत धर, सोड." मामींना साधा श्वास पुरत नव्हता. चार दिवस त्यांनी ऐकलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "साकु आता, पुरे. मला झोपू द्या." त्यांनी झोपू दिलं. पण हातावर हात ठेवून बसणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी गवंडी बोलावला.

मसाल्याची खोली घरातली सगळ्यात मोठी, पूर्वेला आणि दक्षिणेला दोन्हीकडे भिंत मोकळी. तिथं त्यांनी दोन दिवसांत भिंती फोडून दोन मोठ्या खिडक्या केल्या. जमीन शेणानं सारवली, भिंतींना चुना दिला, आणि मामींचं अंथरूण तिथं नेलं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. खरंच इतकी सुंदर हवा येत होती, समोर चामुंडी दिसत होती. "सव्वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं," ते म्हणाले. एवढं एकच वाक्य. मग पुन्हा वारा कुठून कुठं जातो ते हातानं दाखवू लागले.

जमीन आणि भिंती त्यांनी पाहिल्या होत्या. वर कुणी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी दक्षिणेचा वारा सुटला. त्या खोलीत कित्येक वर्षांत वारा शिरला नव्हता, आणि आढ्यावर, वाशांच्या बेचक्यांत, कौलांच्या खालच्या बाजूला दोन पिढ्यांची पूड थरावर थर बसलेली होती. ती उठली. मी आमच्या स्वैपाकघरात होते, मला आधी वास आला. चंदनाचा, इतका दाट की वाटलं कुठं तरी मोठी पूजा चालू आहे. मग मामींचा आवाज. हे कचेरीतून परतले होते; आम्ही दोघं धावत गेलो तेव्हा खोलीत धुकं पडल्यासारखं झालं होतं आणि खंडोजीराव त्या धुक्यात उभे राहून खिडक्या लावू पाहत होते. पण खिडक्यांना झडपाच नव्हत्या. मुद्दाम बसवल्या नव्हत्या.

यांनी आणि मी मिळून मामींना उचलून आमच्या ओसरीवर आणलं. त्यांचा पदर रक्तानं भिजला होता.

संध्याकाळी डॉक्टर नरसिंहमूर्ती आले. त्यांनी नाडी पाहिली, पाठ ऐकली, मग खंडोजीरावांना बाजूला घेऊन कानडीत हळूच काही सांगितलं. मी ओसरीच्या खांबाशी होते. "महिना" एवढा शब्द मला ऐकू आला, आणि त्याच्या आधी "फार तर".

मामींना त्यांच्या घरी, पुढच्या लहान खोलीत नेलं. मुलीला तुमकूरला तार केली, पण तिचे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते, ती येऊ शकणार नव्हती. कारखाना बंद पडला. बत्तीवाल्या बायका मंडपात येऊन नुसत्या बसत आणि दुपारी उठून जात. बाजारातली माणसं समाचाराला येत, मामींची चौकशी करत, आणि उंबऱ्यावर चप्पल घालता घालता मसाल्याचं विचारत. खंडोजीराव पहाटे चारला उठतच होते. वीस घागरी ओततच होते. पण चामुंडीला जाणं त्यांनी सोडलं. ओले केस तसेच ठेवून ते मामींच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहत, आत जात नसत. एकदा मामी मला म्हणाल्या, "दाराशी बसतात ते दिसतात मला. आत का येत नाहीत ग?"

मंगळवारी दुपारी मी धान्य निवडत होते. खंडोजीराव मागच्या दारानं आले, सूप ओलांडलं जाऊ नये म्हणून कडेनं आले आणि उभेच राहिले. दाढी वाढली होती. मी पाट पुढे केला, तर हातानं नको म्हणाले.

"गोदावरीबाई," ते म्हणाले, "तुमचं काम आटपलं की रोज तासभर तिच्याजवळ येऊन बसाल का? म्हणजे मलाही आत बसता येईल. एकट्यानं तिच्याशी काय बोलावं ते मला कळत नाही."