अंड्यांच्या डब्यातले पैंजण

हुपरीच्या आकारामचा चांदीवर विश्वास होता, एसटीतल्या माणसांवर नव्हता. त्यामुळे घडवलेले पैंजण कोल्हापूरला नेताना तो ते जेवणाच्या डब्यात तळाला ठेवी. वर भाकरी. चोर भाकरी उचकटत नाही, असा त्याचा तीस वर्षांचा अनुभव.

१९९७च्या मेमध्ये बायकोनं, तानाबाईनं, भाकरीऐवजी उकडलेली अंडी दिली, अर्धी कापून, मीठ लावून. वाटेत एसटी बंद पडली. डबा तीन तास उन्हात.

पैंजण कोल्हापूरच्या धोंडुबाईंच्या लेकीचे, निशाचे. संध्याकाळी तिची हळद. मांडवात डबा उघडला, तर पैंजण तव्यासारखे काळे.

"आकाराम, चांदी सांगिटलीती. ह्ये काय कढईचं कान आणलाईस व्हय?" धोंडुबाईंनी विचारलं.

"आक्का, चांदीच हाय की! ठोका, वितळवा, तार काढा, चांदी बदलत न्हाय."

"मग ही काय तोंड काळं करून आलीया?"

पाहुणे हसले. 'आकारामच्या चांदीत भेसळ' एवढं एक वाक्य या घरातून बाहेर पडलं असतं, तर हुपरीत त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

निशा शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं डबा हुंगला.

"काका, तार काढली तरी पदार्थ तोच राहतो. तो भौतिक बदल. इथं अंड्यातल्या गंधकानं चांदी धरली आणि वर नवाच पदार्थ झाला. हा रासायनिक."

"माझ्या चांदीला कुणी धरत न्हाय, पोरी."

निशानं आचाऱ्याकडून अॅल्युमिनियमचं पातेलं मागवलं. उकळतं पाणी, मीठ, खायचा सोडा, त्यात पैंजण. काळेपणा उतरू लागला आणि नासक्या अंड्याचा असा वास सुटला की मांडवातली निम्मी माणसं रस्त्यावर गेली. धोंडुबाईंनी नाकाला पदर लावूनच पैंजण उजेडात धरले. पांढरेशुभ्र.

"चांदीच हाय," त्या पदरातून म्हणाल्या.

आकारामला कंठ फुटला. "परत आली न्हवं? म्हंजे बदललीच न्हवती."

"परत आणायला दुसरी रासायनिक क्रिया करावी लागली, काका. जे परत येतं ते सगळं भौतिक नसतं."

"बरं, भेसळ न्हवती एवढं तरी पाव्हण्यास्नी सांग."

तेवढं तिनं मोठ्यानं सांगितलं. हळद तासभर उशिरा, वास गेल्यावर लागली.

आकारामनं अंडी मात्र सोडली नाहीत. चोर भाकरी एखादवेळी खाईल, पण काळे पैंजण नेणार नाही, हे त्याला आता पटलं होतं. २००४पर्यंत तो कोल्हापूरला येताना पिशवीत अॅल्युमिनियमचं पातेलं आणि सोड्याची पुडी घेऊनच यायचा.