आधी वाजणारी बेल

बेल वाजली तेव्हा मी वर मीटिंगमध्ये होते. वाजू दे, म्हटलं, बाबांची बेल नेहमी आधीच वाजते. दहा मिनिटांनी खाली गेले... बाबा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. त्याला आता सहा आठवडे झाले.

बाबा भारतीय हवाई दलात फायटर पायलट होते. खुबा मोडल्यापासून मात्र लंडनमधल्या पिनरच्या आमच्या घरातली पुढची खोली, एवढंच त्यांचं जग उरलं. मी वर लॅपटॉपला, ते खाली खुर्चीला; दोघंही अडकलेले. खुर्चीच्या हाताला बेलचं बटण मीच चिकटवलं आणि डोक्याला ताप करून घेतला. चारच्या चहासाठी साडेतीनला बेल. आग लागलीय का कुठे, असं मनात यायचं.

“अहो बाबा, अजून अर्धा तास आहे,” एकदा मी वैतागून म्हटलं.

“म्हणून तर आत्ता वाजवली.” मग ते प्रोपेलरच्या विमानातून पहिल्यांदा जेटमध्ये बसले तेव्हाचं सांगू लागले. प्रोपेलरवाल्याचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढे ढकलला की ते लगेच ओढ घ्यायचं. त्या जुन्या जेटला जोर धरायला काही सेकंद लागायचे. त्यांचा मित्र साठे उतरताना फार खाली आला, हात जुन्या सवयीनेच चालला... “ढकलला गं त्याने थ्रॉटल, पण उशिरा. रनवे समोर दिसत होता त्याला. मी खाली उभा राहून बघत होतो. तेव्हापासून लागेल ते आधी मागतो. मिळेपर्यंतचा वेळ आपल्या हातात नसतो.”

मी ऐकलं, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून माझाच नियम केला, बेल आधीचीच असते, तर वाजली की दहा मिनिटांनी उठायचं. बाबांना ते कळलं असणार. पण ते दुसऱ्यांदा कधी वाजवायचे नाहीत. त्या दिवशीही नाही वाजवली.

डॉक्टर म्हणाली, लगेच आला असतात तरी काही फरक पडला नसता. माझा नवरा निखिलही तेच म्हणतो. पडला असता. मी तेव्हा शेजारी तरी असते.

परवा निखिल ती खोली आवरत होता, मी वर क्लायंटशी बोलत होते. बेल वाजली. हेडफोन कुठे टाकला, जिना कसा उतरले, काही आठवत नाही. निखिल खुर्चीजवळ उभा होता, हातात उचकटून काढलेलं बटण.

“सॉरी, चुकून दाबलं गेलं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. “एवढ्या लवकर कशी आलीस?”