कोडोलीच्या सलोमीबाईंचा अंधार

पहाटेच्या एसटीने पुणं सोडलं, तेव्हा पत्नीला जाऊन दोन वर्षं होत आली होती. एवढे दिवस मला तगवलं ते कोडोलीच्या सलोमीबाईंच्या एका कवितेनं. मध्ययुगात युरोपातल्या मठांतून राहणाऱ्या काही ख्रिस्ती साध्वी देवाला प्रियकर मानत. सगळे दिवे विझले की तो अंधारातच भेटतो, असं सांगत. सलोमीबाईंनी तेच मराठीत आणलं होतं, आपल्या विराण्यांच्या वळणानं. ज्या बाईनं हे लिहिलं तिला तो भेटला असणार. कसा भेटला, एवढंच मला विचारायचं होतं.

कोल्हापुरात उतरून वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) धरली. वाटेत ती पंक्चर झाली. दोन्ही बाजूंना ऊस, गुऱ्हाळांचा गोडसर धूर. चाक बदलताना ड्रायव्हरनं विचारलं, "कुणाकडं निघालाय पावणं?"

"सलोमीबाईंकडे. कविता लिहितात त्या."

"नर्सबाई व्हय? लेक गेल्यापास्नं कुणाशी बोलत न्हाईत की त्या."

लेकीच्या मृत्यूचं मला काहीच ठाऊक नव्हतं. परत फिरावंसं वाटलं, पण जीप सुरू झाली होती.

सलोमीबाईंनी आधी जेवायला वाढलं. भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा). माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून त्यांनी दही पुढं सरकवलं. मग मी येण्याचं कारण सांगितलं.

"दवाखान्यातल्या मॅडमनी त्या मठातल्या बायकांची पुस्तकं दिलती," त्या म्हणाल्या. "विशीत होते मी. दुःख कशाला म्हंत्यात ठावं न्हवतं. वाचलं, लई आवडलं, म्हणून लिवलं."

"आणि आता?"

"आता अंधार हाय. पण त्यात कोण न्हाय."

मग त्यांनीच विचारलं, "तुमाला उपेग झाला त्या कवितेचा?"

"झाला. तिच्यावरच जगलो."

"मग तुमीच ठेवा ती. माझ्या काय कामाला आली न्हाय."

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वाद पुटपुटला नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून नेहमीसारखी ती कविता म्हणायला घेतली. एकही शब्द विसरलो नव्हतो. फक्त ती कुणाला उद्देशून म्हणायची, हे आता कळत नव्हतं.